चिखलांतली सायकल आणि साखळीचें तेल

आपल्या सोलापूर जिल्ह्यांत पाऊस थोडा, पण चिखल मात्र उदंड. परगांवच्या माणसाला हें विचित्र वाटेल. परंतु भाद्रपद-आश्विनांत होटगीच्या आसपासच्या शेतवाटांवरून ज्यानें एकदां सायकल नेली आहे, त्याला तें निराळें पटवून द्यावें लागणार नाहीं. वर्षांतला सर्वांत अधिक पाऊस आपल्याकडे सप्टेंबर महिन्यांत पडतो आणि शाळेचें पहिलें सत्रही त्याच वेळीं ऐन भरांत असतें. वस्तीवरून निघालेला मुलगा डांबरी सडकेला लागेपर्यंत चिखल तुडवीत येतो. चाक आणि मडगार्ड ह्यांच्यामध्यें काळी माती लोण्यासारखी भरते, ती काडीनें उकरून काढावी लागते, आणि इतकें करून सडकेवर यावें तों साखळी करकरूं लागते.

गेल्या वर्षीं पालकांच्या सभेनंतर एका शेतकरी गृहस्थांनीं मला थांबवून विचारलें, "गुरुजी, पोराच्या सायकलीच्या चेनीला पावसाळ्यात कुठलं तेल घालावं? काही घातलं तरी चार दिवस टिकंना झालंय, आन् वर्षाला एक चेन जाती." मीं त्या वेळीं घाईनें एका तेलाचें नांव सांगितलें. तें चुकीचें नव्हतें, पण अर्धेंच उत्तर होतें. उरलेलें अर्धें ह्या लेखांत देत आहें, कारण तो प्रश्न त्या एकट्या गृहस्थांचा नाहीं. आपल्या शाळेच्या आवारांत रोज ज्या सायकली उभ्या राहतात त्या सर्वांचा आहे.

तेल कोणतें हें ठरविण्यापूर्वीं तें कोठें हवें, हें समजून घेतलें पाहिजे. सायकलीची साखळी म्हणजे गुरांच्या दावणीच्या साखळीसारखी नुसती कड्यांची माळ नव्हे. आज आपण वापरतों त्या जातीची साखळी हॅन्स रेनोल्ड ह्या यंत्रज्ञानें १८८० सालीं सिद्ध केली. तो जन्मानें स्विस असून इंग्लंडांत मँचेस्टर येथें त्याचा कारखाना होता. पुढें पांचच वर्षांनीं, १८८५ सालीं, जॉन केंप स्टार्ले ह्यानें दोन्ही चाकें जवळजवळ सारखीं असलेली 'रोव्हर' सायकल तयार केली, आणि साखळीनें मागचें चाक फिरविण्याची रीत जगभर रूढ झाली. तेव्हांपासून ह्या साखळीच्या मूळ रचनेंत फारसा पालट झालेला नाहीं, ही नवलाची गोष्ट आहे.

एखाद्या सायकल दुकानांतून तुटक्या साखळीचा तुकडा मागून आणा आणि तो हातांत घेऊन पाहा. बाहेरच्या दोन पट्ट्या, आंतल्या दोन पट्ट्या, त्यांना जोडणारा खिळा, त्या खिळ्यावर बसलेली लहानशी नळी आणि नळीवर सैल फिरणारा रोलर, असे एका सांध्याचे भाग आहेत. (गियरच्या सायकलीच्या अरुंद साखळींत निराळी नळी नसते, आंतल्या पट्ट्यांचाच कांठ वळवून तिचें काम भागवितात.) आपण पॅडल मारतों तेव्हां प्रत्येक सांधा दातेरी चाकावर चढतांना वांकतो आणि उतरतांना पुन्हां सरळ होतो. त्या प्रत्येक वेळीं खिळा नळीच्या आंत किंचित् फिरतो. खरें घर्षण होतें तें तेथें, पोटांत. जेथें आपली नजर पोंचत नाहीं आणि बोटही पोंचत नाहीं. साखळी बाहेरून कितीही काळीभोर, तेलकट दिसली तरी त्या पोटांत तेल नसेल तर ती कोरडीच म्हणावयाची.

साखळी "लांबली" असें आपण म्हणतों. वास्तविक पोलाद ताणलें जात नाहीं. नव्या साखळीचे दोन सांधे अर्ध्या इंचाच्या, म्हणजे १२.७ मिलिमीटरांच्या, अंतरावर असतात. प्रत्येक खिळा व नळी केसाएवढीं झिजलीं कीं तें अंतर केसाएवढें वाढतें. साखळींत शंभराहून अधिक सांधे असल्यामुळें त्या शंभर केसांची बेरीज सेंटिमीटराच्या वर जाते. मग साखळी दात्यांच्या बुडाशीं न बसतां माथ्याकडे सरकते, आणि जोर लावला कीं उडी मारते.

ही उडी मीं स्वतः अनुभवलेली आहे. लहानपणीं माझ्या वडिलांची जुनी सायकल मला मिळाली. घरीं करडईचें तेल भरपूर असे. मी दर दोन दिवसांनीं पळीभर तेल साखळीवर ओतीत असें आणि आपण सायकलीची फार निगा राखतों अशा अभिमानांत असें. उन्हाळ्यांत साखळी वाळक्या काठीसारखी ताठ झाली. पावसाळ्यांत तिच्यावर मातीचा थर चढला, म्हणून मी तेल आणखी वाढविलें. एके सकाळीं चढावर उभें राहून पॅडल दाबीत असतां साखळी फ्रीव्हीलवरून सटकली, पाय रिकामा खालीं गेला, छाती हँडलवर आदळली आणि मी सायकलीसकट रस्त्याच्या मध्यावर पडलों. मागून येणारी बैलगाडी होती म्हणून लेख लिहिण्यास उरलों. आज त्याच रस्त्यानें मालट्रका धांवतात; तेव्हां साखळीची झीज हा केवळ चार पैशांचा प्रश्न नाहीं, एवढें पालकांनीं ध्यानांत घ्यावें.

सायकल ढकलीत मी दुकानांत नेली. मिस्त्रींनीं साखळी उतरवून रॉकेलांत टाकली, थोड्या वेळानें बाहेर काढून माझ्या हातांत दिली आणि म्हणाले, "बाळ, तेल साखळीला पाजायचं असतं. तू तर नुसतं माखत होतास की!"

मिस्त्री शिकलेले नव्हते, पण त्यांच्या बोलण्यांतलें शास्त्र मला पुष्कळ वर्षांनीं उमगलें, आणि तें आपल्या काळ्या मातीशीं निगडित आहे. दख्खनच्या काळ्या पाषाणाची झीज होऊन ही माती झाली. तिच्यांत माँटमोरिलोनाइट वर्गाची अतिसूक्ष्म चिकणमाती विपुल असते. पाणी मिळालें कीं ती फुगते, वाळली कीं भेगाळते. आपल्या जमिनींना उन्हाळ्यांत पडणाऱ्या हातहात भेगांचें कारण तेंच. मुलतानी माती, जी आपल्या घरांतील बायका केसांचें तेल काढण्यासाठीं वापरतात, ती पुष्कळ अंशीं ह्याच गोत्रांतली. आतां विचार करा. जी माती केसांतलें तेल शोषून घेते, तिची बहीण साखळीवरचें तेल सोडील काय?

हें पाहण्यासाठीं मुलांना घरीं करतां येईल असा एक प्रयोग सांगतों. फरशीच्या दोन तुकड्यांवर तेलाचे सारखे डाग पाडावे. एकावर वाळलेल्या काळ्या मातीची वस्त्रगाळ पूड जाडसर पसरावी, दुसरा तसाच ठेवावा. दुसऱ्या दिवशीं पूड झटकून दोन्ही डागांवर टिपकागद दाबून पाहावा. तेल कोठें गेलें तें कागदच सांगेल.

साखळीवर हेंच घडतें. बाहेर माखलेलें तेल प्रथम ओला चिखल धरून ठेवतें. चिखल वाळला कीं तोच तेल शोषूं लागतो. मग फटींतलें तेलही हळूहळू त्या वाळल्या मातीकडे ओढलें जातें, जसें दिव्यांतलें तेल वातीकडे जातें. शिवाय आपल्या वाटांवर नुसती चिकणमाती नाहीं. मुरमाचे कण, चुनखडीचे बारीक खडे आणि सडकेवरची वाळू तिच्यांत मिसळलेली असते. चिकणमाती चिकटते, वाळू कापते. वाळूचा कण कठीण पोलादालाही ओरखडतो, आणि तेलांत कालवलेली वाळू म्हणजे सुताराचा पॉलिशपेपरच म्हणाना!

होटगी जंक्शनावर वाढलेल्या मुलांना ही गोष्ट आगगाडीच्या उदाहरणानेंही कळेल. येथून एक लोहमार्ग वाडीकडे आणि दुसरा विजयपुरावरून गदगकडे जातो. पूर्वींच्या डब्यांच्या चाकांचा आंस ज्या पेटींत फिरे तिच्यांत तेलांत भिजविलेला सुताचा गुंडाळा भरलेला असे. तो कोरडा पडला कीं आंस तापून लाल होई. पेटीच्या बाहेर कितीही तेल फासलें असतें तरी आंस निवला नसता. आतांच्या डब्यांतून बंद बेअरिंगें असून वंगण आंतल्या आंत राहतें आणि धूळपाणी बाहेर राहतें. सायकलीच्या साखळीला असें झांकण नाहीं, म्हणून तेथें तेलाचे गुण आणि आपली रीत ह्या दोहोंनींच काम भागवावें लागतें.

आतां तेलांकडे वळूं. पावसाच्या दिवसांत तेलाला तीन गुण हवेत: सांध्याच्या पोटांत शिरणें, पाण्यानें वाहून न जाणें, आणि वाळून चिकट राळ न होणें. पहिला गुण पातळ तेलांत असतो आणि दुसरा घट्ट तेलांत. सगळी अडचण येथेंच आहे.

स्वयंपाकघरांतील तेलें बहुतेक तिसऱ्या परीक्षेंत नापास होतात. करडई आणि जवस ह्यांचीं तेलें हवेंतील प्राणवायु घेऊन हळूहळू घट्ट होतात व शेवटीं त्यांचा पापुद्रा बनतो. जवसाचें तेल रंगांत घालतात तें ह्याच गुणासाठीं. रंगाला जो गुण तोच साखळीला रोग. माझी साखळी काठीसारखी ताठ झाली ती करडईच्या ह्याच स्वभावामुळें. शेंगदाण्याचें तेल इतक्या लौकर वाळत नाहीं, पण तेंही कालांतरानें चिकटतें, आणि पातळ असल्यानें एका सरींत धुपतें. खोबरेल सहसा वाळत नाहीं. मात्र २४-२५ अंशांच्या खालीं तें थिजतें, म्हणजे मार्गशीर्षांतल्या सकाळीं साखळींत तेल नसून मेण भरलेलें असतें. अडल्या वेळीं खोबरेलाचे चार थेंब घातल्यास कांहीं बिघडत नाहीं, पण त्यावर पावसाळा काढतां येणार नाहीं.

ह्या घरगुती तेलांत एकच मला खरोखर कामाचें वाटतें, तें म्हणजे एरंडेल. शेंगदाण्याच्या तेलाहून तें सुमारें सहापट घट्ट आहे आणि धातूला धरून राहण्याची त्याची शक्ति मोठी आहे. पहिल्या महायुद्धांत (१९१४-१९१८) विमानांच्या फिरत्या इंजिनांत एरंडेलच वंगण म्हणून घालीत. 'कॅस्ट्रॉल' हें प्रसिद्ध नांवदेखील एरंडेलाच्या 'कॅस्टर' ह्या इंग्रजी नांवावरून पडलें. १९०९ सालच्या त्या तेलांत एरंडेलाचा अंश होता. ज्या तेलाचें नांव काढतांच मुलें तोंड वांकडें करतात, त्याला इतका मोठा इतिहास आहे! दोन गोष्टी मात्र सांभाळाव्या. एरंडेलही महिनोन् महिने राहिलें तर चिकट होतें, म्हणून साखळी अधूनमधून साबणाच्या ऊन पाण्यानें धुवावी. तसेंच तें रॉकेलांत किंवा मोटारच्या तेलांत नीट विरघळत नाहीं. तेव्हां दोन तेलें मिसळून "जास्त चांगलें" तेल करण्याच्या नादीं लागूं नये.

शिवणयंत्राचें तेल स्वच्छ व पातळ असतें, पोटांत चटकन शिरतें. कोरड्या दिवसांत, विशेषतः डांबरी रस्त्यावर, तें पुरतें. चिखलांत मात्र एका फेरींत धुऊन जातें व दुसऱ्या दिवशीं साखळीवर तांबूस गंज दिसूं लागतो. निळ्यापिवळ्या डब्यांतून मिळणारा डब्ल्यू. डी. ४० हा फवाराही पावसाळी वंगण म्हणून घेऊं नये. तो १९५३ सालीं अमेरिकेंत मुख्यतः पाणी हटविण्यासाठीं तयार झाला, आणि नांवांतील दोन इंग्रजी अक्षरांचा अर्थही तोच आहे. भिजलेल्या साखळींतील पाणी काढण्यास आणि गंजलेला सांधा सोडविण्यास तो उत्तम; पण त्यानंतर खरें तेल घातलेंच पाहिजे.

सर्वांत अधिक वापर होतो तो गॅरेजांतून फुकट मिळणाऱ्या जळक्या ऑइलचा. त्याविरुद्ध मला स्पष्ट लिहिलें पाहिजे. त्या तेलाचा काळा रंग काजळीचा असतो, आणि त्यांत इंजिनच्या झिजेचा बारीक धातुकणही असतो. साखळीची झीज टाळण्यासाठीं दुसऱ्या यंत्राची झीज तिच्यांत ओतणें ह्यास काय म्हणावें? शिवाय तें वारंवार हातांना लागणें कातडीला अपायकारक आहे. मुलांच्या हातीं तें देऊंच नये. त्याऐवजीं त्याच गॅरेजवाल्याला नव्या तेलाच्या बाटलीच्या तळाशीं उरलेलें तेल मागावें. मोटारसायकलीचें नवें इंजिन ऑइल किंवा ९० नंबरचें गियर ऑइल चार चमचे मिळालें तर सबंध पावसाळा निघतो. माझ्या मतें होटगीच्या चिखलासाठीं हें आणि एरंडेल, हीं दोनच तेलें सर्वांच्या आवाक्यांतलीं आणि योग्य आहेत. दोहोंत निवड करावयाची तर मी गियर ऑइल घेईन, कारण तें वाळत नाहीं.

ग्रीस कोणी लावूं नये. बेअरिंगाच्या बंद पेटींत तें राजा आहे. उघड्या साखळीवर तें पोटांत शिरत नाहीं आणि बाहेर मातीचे गोळे जमवितें. मोठ्या शहरांतील दुकानांतून सायकलीच्या साखळीसाठीं मुद्दाम केलेल्या बाटल्या मिळतात, त्यांवर 'वेट' किंवा 'ड्राय' असें लिहिलेलें असतें. वेट म्हणजे चिवट, पाण्यांत टिकणारें तेल. पावसाळ्यास तेंच घ्यावें. ड्राय प्रकारांत बहुधा मेण किंवा तत्सम पदार्थ असतो. त्याला धूळ कमी चिकटते, म्हणून चैत्र-वैशाखाच्या फुफाट्यांत तें नामी; पण पहिल्याच मोठ्या सरींत त्याचा निकाल लागतो. ज्यांच्या घरीं अशी बाटली आहे त्यांनीं ती सुखेनैव वापरावी. ज्यांच्या घरीं नाहीं त्यांचें कांहीं अडलेलें नाहीं.

ह्यानंतर रीत, आणि तेलापेक्षां रीतीनें अधिक फरक पडतो असा माझा अनुभव आहे. चिखलांतून आल्यावर माती ओली आहे तोंच साखळीवर तांब्याभर पाणी ओतून जुन्या दांत घासण्याच्या ब्रशानें ती घासावी. वाळल्यावर तिला हात लावणें म्हणजे दुप्पट श्रम. पाण्याचा जोरदार फवारा मात्र मारूं नये. त्यानें कण आंत ढकलले जातात. मग फडक्यानें पुसून साखळी पूर्ण वाळूं द्यावी. ओल्या सांध्यांत तेल शिरत नाहीं, आंत बसलेलें पाणी त्याला वाट देत नाहीं. वाळल्यावर पॅडल सावकाश उलटें फिरवीत प्रत्येक सांध्यावर, आंतल्या व बाहेरच्या पट्ट्यांच्या फटीशीं, एकेक थेंब सोडावा. एका सांध्याला एक थेंब, धार नव्हे. जुन्या सलाइनच्या नळीपेक्षां औषधाच्या ड्रॉपरनें हें काम सोपें होतें. तेल घट्ट असेल तर बाटली थोडा वेळ उन्हांत ठेवावी, म्हणजे तें पातळ होऊन आंत उतरतें आणि थंड झाल्यावर तेथेंच ठरतें. अशा रीतीनें पातळ तेलाचा शिरण्याचा गुण आणि घट्ट तेलाचा टिकण्याचा गुण, दोन्ही पदरांत पडतात.

हें काम रात्रीं करावें. सकाळीं निघण्यापूर्वीं कोरड्या चिंधींत साखळी धरून तिच्यावरील सगळें तेल पुसून काढावें. येथें पुष्कळांचा जीव हळहळतो. घातलेलें तेल पुसावयाचें कां? परंतु पोटांतलें तेल चिंधीला लागत नाहीं. जें पुसलें जातें तें चिखलाला बोलावणारें तेल. साखळी बोटाला किंचित् ओशट लागावी, काळा पट्टा उठूं नये, इतपत पुसावी.

एक ताकीद पालकांसाठीं. साखळी पुसतांना पॅडल दुसऱ्या मुलानें फिरवूं नये, आणि ज्यानें चिंधी धरली आहे त्यानें ती दातेरी चाकापासून दूर, खालच्या मोकळ्या भागावर धरावी. चिंधी दात्यांत अडकली कीं बोट तिच्यामागून जातें. साखळी धुण्यास पेट्रोल वापरूं नये. रॉकेल किंवा डिझेल पुरतें, आणि तेंही चुलीपासून लांब.

चेनकव्हराविषयीं दोन शब्द. हल्लीं मुलांना गियरच्या, उघड्या साखळीच्या सायकली आवडतात. दिसावयाला त्या ऐटबाज आहेत, पण आपल्या वाटांना जुन्या काळ्या सायकलीचें पूर्ण चेनकव्हरच शोभतें. त्यानें निम्मा चिखल बाहेरच अडतो. मात्र आंत माती भरली तर तीच साखळीला दिवसभर घासत राहते. म्हणून पावसाळ्यांत तें पंधरवड्यांतून एकदां उघडून साफ करावें.

शेवटीं, साखळी अजून चालण्याजोगी आहे कीं नाहीं हें कंपासपेटींतल्या फूटपट्टीनें पाहतां येतें. साखळी ताणून एका खिळ्याच्या मध्यावर पट्टीचा शून्य ठेवावा आणि तेथून पुढचे चोवीस खिळे मोजावे. नव्या साखळीचा चोविसावा खिळा बरोबर १२ इंचांवर येतो. तो रेषेपुढें अर्धें सूत, म्हणजे इंचाचा सोळावा भाग, गेला तर सावध व्हावें. एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, गेला तर साखळी बदलावी, तेलानें ती बरी होत नाहीं. बदलण्यास फार उशीर केला तर झिजलेल्या साखळीनें फ्रीव्हीलचे दातेही आपल्या मापाचे करून ठेवलेले असतात. मग नवी साखळी त्यांवर बसत नाहीं आणि दुप्पट खर्च येतो.

ज्या गृहस्थांनीं मला प्रश्न विचारला, त्यांच्या मुलाची साखळी आम्हीं वर्गांतच मोजली. ती एक सुताच्या पुढें गेलेली होती. साखळी आणि फ्रीव्हील दोन्ही नवीं घालावीं लागलीं. मुलानें सबंध पावसाळा एका लहान बाटलींतल्या गियर ऑइलवर काढला, आणि दिवाळीच्या सुट्टीपूर्वीं पट्टी घेऊन तो पुन्हां माझ्याकडे आला. चोविसावा खिळा १२ च्या रेषेला जेमतेम ओलांडीत होता. बाटलींत तेल अजून निम्मे शिल्लक होतें.